हमीदभाई आणि दंडातली वाकी

नसीमचं पत्र आलं तेव्हा मी जेवणं उरकून पाठ टेकायच्या बेतात होते. पाकिटावर धाड गावचा शिक्का पाहिला आणि पत्र उघडायच्या आधीच मजकूर कळला. "अब्बा मागच्या जुम्म्याला गेले. दुपारची नमाज झाली होती. त्रास झाला नाही," एवढंच तिनं लिहिलं होतं. सोबत तिकडच्या एका छोट्या वर्तमानपत्राचं कात्रण होतं, चार ओळींचं. हमीदभाई कंपाउंडर यांनी चिखलीच्या दवाखान्यात बरीच वर्षं सेवा केली, भूल देण्यात त्यांचा हातखंडा होता, मात्र एका दुर्घटनेनंतर त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीतलं काम सोडलं, पुढे धाडला औषधाचं दुकान चालवलं, वगैरे. लिहिणाऱ्याचा काही दोष नाही. त्यानं चारचौघांत ऐकलं ते लिहिलं. पण हमीदभाईंनी ते काम सोडलं नव्हतं, त्यांना ते सोडायला लावलं होतं. आणि ती दुर्घटना त्यांच्या हातून झाली नव्हती, माझ्या हातून झाली होती. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. आता माझीही वेळ जवळ येत चालली आहे, तेव्हा निदान ते एक वाक्य दुरुस्त करून जावं, म्हणून हा लेख.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळातली ही गोष्ट. दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. मी पुण्याहून डॉक्टर होऊन चिखलीला आले, तिथल्या वीस खाटांच्या दवाखान्यात. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी अशी गावातल्या बड्या मंडळींनी मागणी केली होती आणि इतक्या लांब यायला तयार झालेली मी एकटीच होते. तयार झाले म्हणण्यापेक्षा घरच्या लग्नाच्या बोलण्यांतून निसटले, हे जास्त खरं. डोक्यात भरपूर हवा होती. पहिल्याच दिवशी हमीदभाई सामोरे आले. उंच, सडसडीत, पांढरा पायजमा आणि वर खाकी कोट. म्हणाले, "बाई, तुमची खोली झाडून ठेवली. पानी माठात भरून ठेवलं. अजून काही लागलं तं मले सांगजा." माझ्या पुणेरी कानांना ते 'मले' आणि 'सांगजा' इतकं गमतीचं वाटलं की मी त्यांच्या तोंडावर हसले. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, किंवा घेतलं असेल तरी दाखवलं नाही. महिन्याभरात मीच स्वयंपाकाच्या बाईला "काऊन उशीर झाला?" असं विचारायला लागले.

हुद्द्यानं ते कंपाउंडर होते, पण पेशंटला भूल द्यायचं काम त्यांच्याकडेच होतं. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी असंच चाले. आधीच्या कुणा सर्जननं त्यांना क्लोरोफॉर्म शिकवला, मग इथर आलं. जाळीचा मुखवटा, त्यावर कापडाच्या घड्या, आणि थेंब थेंब ओतणं. पेशंट गुदमरायचा, हातपाय झाडायचा, दोघा-तिघांनी दाबून धरावं लागायचं. खेड्यांतून आलेल्या बायका गळवापेक्षा त्या मुखवट्याला जास्त भ्यायच्या. अशात लष्कराच्या शिल्लक मालातून नव्या औषधाच्या पेट्या आल्या. काचेच्या कुपीत पिवळसर भुकटी होती. ती शुद्ध पाण्यात विरघळवायची आणि हाताच्या शिरेतून द्यायची. पेशंट बोलता बोलता झोपतो, अर्ध्या मिनिटात. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरोखर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पाच-दहा मिनिटांनी डोळे उघडून बाई विचारायची, "कापलं काय?" तोवर पट्टीसुद्धा बांधून झालेली असे.

पेटीतलं माहितीपत्रक मी हमीदभाईंना मराठीत वाचून दाखवलं. औषध देताना पेशंटला आकडे मोजायला लावावेत, आकडा चुकला की सुई थांबवावी, असं त्यात होतं. हमीदभाईंनी दोन-चार पेशंटवर ते करून पाहिलं आणि सोडून दिलं. ज्यांना वीसच्या पुढे मोजता येत नाही अशी माणसं पहिल्या सुईच्या टोचणीलाच आकडे विसरायची. त्यांची रीत वेगळी होती. ते पेशंटच्या उशाशी स्टुलावर बसत आणि पीकपाण्याच्या गप्पा सुरू करत. कपाशी किती एकर, हरभरा कसा आहे, बैल कुठून आणला. औषध आत जात असे आणि मध्येच पेशंट म्हणत असे, "तोंडात लसनासारखं लागून राह्यलं…" त्यापुढचं वाक्य कधी पुरं होत नसे. हे त्यांनी सातव्या-आठव्या पेशंटला हेरलं. लसूण आला म्हणजे औषध रक्तातून डोक्यापर्यंत पोचलं, आता सुई थांबवायची आणि पाहायचं. मला विचारलं, त्या कागदात लसणाचं लिहिलंय का? लिहिलेलं नव्हतं. "तं मग तो कागद लिवणाऱ्यानं पेशंटसंगं बोलून नाही पाह्यलं," एवढं म्हणून ते कुप्या पुसायला लागले.

दुसरी गोष्ट त्यांनी हेरली ती चिखलीच्या बाजारातल्या एका अडत्यामुळे. हा गृहस्थ चांगलाच गरगरीत होता. पाठीवरचं मोठं गळू कापायचं होतं, काम लांबलं आणि तो मध्ये मध्ये जागा व्हायला लागला. मोठे डॉक्टर, म्हणजे दवाखान्याचे प्रमुख सर्जन, म्हणाले, अजून द्या. मी दिलं. पुन्हा हलला, पुन्हा दिलं. ऑपरेशन झालं आणि अडत्या काही उठेना. सकाळी अकराला झोपलेला माणूस दिवेलागणीला उठला आणि तोही चिडून, कारण त्याचा बाजार बुडाला होता. माझी समजूत अशी होती की हे औषध अंगात गेलं की भराभर जळून जातं, म्हणून माणूस लवकर उठतो. पुष्कळ नामांकित डॉक्टरांचीही तेव्हा तीच समजूत होती. हमीदभाईंना ती पटेना. ते म्हणाले, मोटेचं पाणी पाटानं सोडलं की पहिला वाफा भरतो, मग तेच पाणी पुढच्या वाफ्यांत निघून जातं. पहिला वाफा कोरडा दिसला म्हणजे पाणी आटलं असं नाही, ते शेतातच आहे. डोकं हा पहिला वाफा. माणूस उठतो तो औषध संपलं म्हणून नाही, ते अंगात पांगलं म्हणून. आणि शेत एकदा ओलं झालं की पुढचं पाणी जपून सोडावं लागतं, नाही तर सगळंच तुंबतं. अडत्याचं शेतही मोठं होतं आणि त्यात आपण तीनदा पाणी सोडलं. मी हसून म्हटलं, हमीदभाई, तुम्ही डॉक्टर की शेतकरी? पण काही वर्षांनी एका वैद्यकीय मासिकात मी जवळपास हेच वाचलं. औषध आधी मेंदूत शिरतं, मग स्नायूंत आणि चरबीत उतरतं. ते वाचताना मला माझं ते हसू आठवलं आणि लाज वाटली.

आता मुख्य गोष्ट. सुभद्रा नावाची बाळंतीण होती, सासर धामणगाव बढे गावचं, माहेर चिखलीच्या जवळच्या एका खेड्यातलं. बाळ वीस दिवसांचं. छातीत गाठ होऊन पिकली होती, बाळाला पाजता येत नव्हतं, ताप उतरत नव्हता. काम दहा मिनिटांचं होतं. चिरा द्यायचा, पू काढायचा, पट्टी बांधायची. नव्या औषधासाठी याहून सोयीचा पेशंट नाही. तिची आई बाळाला घेऊन व्हरांड्यात बसली होती. नर्सनं दागिने काढून आईच्या हवाली केले. पण एक दागिना आईनं मुद्दाम सांगितला नाही. सुभद्राच्या दंडात सासूनं घातलेली चांदीची वाकी होती, मळसूत्रानं घट्ट बसवलेली. सव्वा महिना होईस्तोवर बाळंतिणीचा दंड मोकळा ठेवायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. ऑपरेशनच्या खोलीत काढायला लावतील या भीतीनं आईनं तिला कोपरापर्यंत बाह्यांची चोळी घातली आणि वाकी आत झाकली. मुलीला बजावलं, बोलू नको.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, तिच्यावाचून पुढचं कळणार नाही. पुरुष पेशंट असला तर हात बांधणं, शीर शोधणं हे हमीदभाई करत, मी फक्त सिरिंज दाबायची. बाई पेशंट असली तर ते उशाशी बसत, जबडा आणि श्वास सांभाळत, पण कोपराच्या वर हात लावत नसत. तिचा दंड, तिची बाही, हे माझं काम. असा नियम कुणी लिहिला नव्हता, पण पहिल्या दिवसापासून तसंच चालत आलं होतं. खेड्यातल्या बायका त्यांच्यासमोर निर्धास्त झोपायच्या त्या यामुळेच. त्या दिवशीही सुभद्राची बाही मीच वर सरकवली. घाईनं, जोर लावून सरकवली. चोळीबरोबर आतली वाकी वर चढली आणि बाळंतपणानं भरलेल्या दंडात रुतून बसली. वर कापडाची गुंडाळी, त्यामुळे दिसली नाही. मी हातानं चाचपलं असतं तर लागली असती. चाचपलं नाही. मला दिसलं ते एवढंच की कोपराच्या आतली शीर दोरीसारखी टरारून उठली आहे. एरवी शीर उठावी म्हणून आम्ही रबराची नळी बांधायचो आणि सुई शिरेत गेली की ती सोडून मग औषध द्यायचो. म्हटलं, आज नळीसुद्धा नको, नशीब चांगलं आहे. नळी बांधलीच नाही म्हणजे सोडायचाही प्रश्न आला नाही. मी औषध दिलं.

हमीदभाई तिच्याशी बाळाबद्दल बोलत होते. सुभद्रा उत्तरं देत होती, अगदी टक्क जागी. मी अजून दिलं. त्यांनी विचारलं, तोंडात कशाची चव येते का? ती म्हणाली, नाही. मोठे डॉक्टर हात धुऊन, चाकू घेऊन उभे होते आणि त्यांना थांबायची सवय नव्हती. मला वाटलं, तिला जास्त लागतंय, काहींना लागतं. मी सिरिंज पुन्हा भरली. तेव्हा हमीदभाई खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, थांबा. लसून नाही आला. म्हणजे दवा पोचलीच नाही, वाटंत कुठं तरी अडून राह्यली."

मी थांबले नाही. सगळ्यांसमोर कंपाउंडरनं डॉक्टरला थांबवावं, हे मला सहन झालं नाही. आणखी काही कारण नव्हतं… पुष्कळ वर्षं मी दुसरं कारण शोधून पाहिलं. एका माणसाला पुरेल त्याच्या दुप्पट औषध तिच्या हातात गेलं तेव्हा नर्सचं लक्ष बोटांकडे गेलं. हात निळसर, फुगलेला. तिनं बाही चाचपली, वाकी सापडली, आणि घाबरून भर्रकन मळसूत्र फिरवून ती काढून टाकली. हमीदभाई "हळू, हळू" म्हणेपर्यंत ती नर्सच्या हातात आली होती. अडलेलं सगळं औषध एका दमात वर गेलं. सुभद्राच्या तोंडून "लसून" एवढा शब्द निघाला, डोळे मिटले, आणि पाठोपाठ तिचा श्वास थांबला.

बाहेर बाळ रडत होतं. मला तेच ऐकू येत होतं, दुसरं काही नाही. मोठे डॉक्टर ओरडत होते, मी सुई हातात धरून उभी होते. हमीदभाईंनी तिची मान मागे केली, जबडा वर उचलून धरला, तोंडावर रुमाल टाकला आणि मला म्हणाले, "बाई, तुमी फुका. मी जबडा धरतो. ती मरून नाही राह्यली, श्वास घ्याचं इसरली फक्त. दवा अंगात पांगेस्तोवर तिचावाला श्वास आपुन घ्याचा." ते इतकं साधेपणानं म्हणाले की मी वाकले आणि फुंकायला लागले. छाती वर आली की ते "हं" म्हणत, खाली बसली की पुन्हा "हं". मी भोवळ येऊन थांबू लागले की नर्सला फुंकायला लावत. नाडी त्यांच्या बोटाखाली होती आणि ती लागतेय हे ते अधूनमधून सांगत होते. पाव तास तरी हे चाललं असेल. मग एकदा मी तोंड बाजूला घेतलं आणि छाती आपणहून उचलली गेली, थोडीशीच. पुन्हा एकदा. मोठ्या डॉक्टरांनी तेवढ्यात चिरा देऊन पू काढून घेतला, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. सुभद्रा संध्याकाळी शुद्धीवर आली. हात आठवडाभर ठणकला, पण बरा झाला. तिनं सगळ्यांत आधी बाळ मागितलं.

खोली आवरून झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना उभं केलं आणि विचारलं, दंड कोणी तपासला होता? हमीदभाई माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. मी तोंड उघडायला हवं होतं. दोन शब्द पुरे होते, "मी, सर." मी वाट पाहिली. कशाची, देव जाणे. डॉक्टरांनी स्वतःच ठरवून टाकलं. भूल कंपाउंडरकडे, म्हणजे हात बांधणं कंपाउंडरकडे. सगळ्यांदेखत त्यांना वाट्टेल ते बोलले. हमीदभाई म्हणाले, "साहेब, पुढं ध्यान ठेवीन." पण ध्यान ठेवायला त्यांना पुढं जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून ऑपरेशनच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. ते औषधाच्या खिडकीवर बसून बाटल्यांना चिठ्ठ्या लावू लागले. जिल्ह्यात त्यांच्याइतका चांगला भूल देणारा माणूस नव्हता आणि तो खोकल्याचं मिक्श्चर मोजत बसला. मी रोज त्या खिडकीवरून ये-जा करत होते. ते "सलाम बाई" म्हणत, मीही सलाम म्हणे. दोन वर्षं असं चाललं, मग त्यांनी नोकरी सोडली आणि धाडला दुकान काढलं. लोक म्हणायचे, कंपाउंडरच्या हातून काहीतरी झालं होतं म्हणे.

मी चिखली सोडायच्या आधी धाडला गेले. बाजाराचा दिवस होता, दुकानात गर्दी होती. गर्दी ओसरेपर्यंत बसले आणि मग सरळच विचारलं, तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत? आणि मी उद्या मोठ्या डॉक्टरांना खरं सांगितलं तर? त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "मले काढलं तं एक कंपाउंडर गेला. तुमाले काढलं असतं तं खेड्यातल्या बाया पुन्हा घरीच मेल्या असत्या. मी हिसाब केला, बाई. आता त्याले उकरू नका." मग माझ्या तब्येतीची चौकशी केली, बदली कुठे झाली विचारलं, आणि वाटेत खायला म्हणून फुटाण्याचा पुडा बांधून दिला. मी हलक्या मनानं परत आले. हे खरं सांगते, मला बरं वाटलं. त्यांनीच नको म्हटलं ना, मग झालं. माणसाला आपल्या सोयीचा मोठेपणा समोरच्यात दिसला की तो लगेच मान्य करतो. पुढे मी पुष्कळ ठिकाणी काम केलं, शेकडो बायकांना भूल दिली, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत हात फिरवल्याशिवाय एकीलाही सुई टोचली नाही. लोक मला फार काळजीवाली डॉक्टर म्हणत. मी ते ऐकून घेत असे.

गेल्या आठवड्यात नसीमला भेटायला धाडला गेले. ती चिखलीच्या शाळेत शिकवायची, आता तीही निवृत्त झाली आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत हमीदभाईंची खाट तशीच होती, वर धुतलेली चादर. नसीमनं चहा केला आणि शेवटच्या दिवसांचं सांगत बसली. दोन वर्षं अंथरुणाला होते, एक डॉक्टर सुई द्यायला यायचा. म्हणाली, "बाई, एक पुसू काय? डॉक्टर आला की अब्बा सदऱ्याची बाही खांद्यावरोक वर करत. सुई कमरंत द्याची असली तरी. तो डॉक्टर हसे. ते म्हनत, आधी दंड पाहून घे. काऊन करत होते असं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी काही बोलणार तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, मान खाली घालून, "मले लहानपणापासून वाटे, अब्बाच्या हातानं कोणी तरी मेलं असन. म्हणून मी त्याईले कधी पुसलंच नाही."

या माणसाला घरात पोटची पोर होती, ती त्याच्याकडे या नजरेनं पाहत मोठी होईल, हे हमीदभाईंच्या हिशेबात धरलेलं नव्हतं. मी तर हिशेब केलाच नव्हता. चहाचा कप खाली ठेवला आणि तिला सांगितलं की कुणी मेलं नाही. त्या बाईचं नाव सुभद्रा, गाव धामणगाव बढे, तिला पुढे आणखी दोन मुलं झाली, आणि ती त्या दिवशी जगली ती तिच्या अब्बांमुळे. मग ती बाही कोणी वर केली होती, तेही सांगितलं.